खंड तिसरा

लोखंडातलं मला कोणी सांगू नये.
एकतीस वर्षं चिखलीच्या गोदीत
जहाजांना पत्रे मारले,
उजव्या हाताची दोन पेरं
तिथल्याच कातरयंत्राला दिली.

निवृत्तीच्या वर्षी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात,
सुकं विकणाऱ्या बाईच्या शेजारी
जुन्या वह्यांच्या ढिगाखाली सापडलं एक जाड पुस्तक.
खंड दुसरा. जर्मन, काळ्या टोकदार अक्षरांचं,
युरोपातल्या चिलखतांचं.
कायतान म्हणाला, साठ रुपये, वास फुकट.
वास बांगड्याचा होता. अजून आहे.

जर्मन मला येत नाही.
रिवेट येतो वाचता.
पट्टीखाली पट्टी कशी सरकते,
काखेपाशी कुठं ढिलं सोडलंय श्वासापुरतं,
कुठं लोहार चुकला
आणि वरून वेलबुट्टी ठोकून मोकळा झाला.
अशी झाकपाक मीही केली आहे.
जहाजाचं नाव सांगणार नाही.

मग पहिला खंड.
लिस्बनच्या एका दुकानदाराशी दोन वर्षं पत्रं,
शेजारच्या वेरेकर मास्तरांच्या पोर्तुगीजमधून.
पार्सल आलं तेव्हा शालिनीनं ते
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं:
साडेतीन किलो.
“एवढ्या पैशात खरंखुरं चिलखत आलं असतं. अर्धं तरी.”
खरं इथं दोन पावसाळ्यांत गंजलं असतं, मी म्हटलं.
“आणि कागद?”
कागदाला कसर. मान्य.
म्हणून कापूर, म्हणून कडुनिंबाचा पाला,
म्हणून आषाढभर कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब,
बाळंतिणीच्या खोलीत असावा तसा.

तिसरा निघाला लोटलीला,
एका वारलेल्या नोटरीच्या घरी.
दोना एर्मेलिंदांनी दार अर्धंच उघडलं.
“विकपाचें न्हय,” म्हणाल्या, “वाचपाचें.
गुरुवारी, तीन ते पाच. हात धुऊन.”

दोन बस बदलून जायचो.
हात धुऊन बसायचो भिंगासकट,
त्या समोर क्रोशाची सुई चालवायच्या.
गुडघ्याचे सांधे झाले, टाचांचे काटे झाले,
घोड्याच्या कपाळावरची पाटी झाली.
एकदा मधूनच म्हणाल्या,
“त्यांना कशाला हवं होतं हे, कळलं नाही.
झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढायचे.”
मी पान उलटलं.
मला तरी कुठं कळलंय?

पाचव्या की सहाव्या गुरुवारी दस्ताने आले,
पोलादी पंजे, पानभर, बोटागणिक नऊ पट्ट्या.
मधल्या पातळ कागदावर
पेन्सिलीनं फिरवलेला एक खरा हात.
लहान. नोटरीचा असणार.
त्यावर त्यांनी रेघा आखल्या होत्या,
कुठं वाकेल, कुठं रिवेट बसेल.
माझ्या हाताखाली असते तर
मी ह्यांना आराखडे काढायला बसवलं असतं.
फक्त अनामिकेच्या बुडाशी
पट्टीच नव्हती.
तेवढी जागा रिकामी सोडून
बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अंगठी.

मी पुस्तक त्यांच्याकडं फिरवलं.
सुई थांबली.
त्यांनी आपला हात त्या हातावर ठेवला,
बोटं जुळवत, अंगठ्यापासून,
कोणी आकडे मोजावेत तशी.
बाहेर पावाचा सायकलवाला भोंगा वाजवत गेला.
पाव घ्यायला त्या उठल्या नाहीत.
मग म्हणाल्या, “पुढलें पान.”

शेवटचं पान झालं त्या दिवशी
त्यांनी खंड वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता.
“घेऊन जा. तुम्हाला वाचता येतं.”
कपाटात जागा नाही, मी म्हटलं.
खोटं. जागा मी केव्हाच मोजली होती,
साडेसहा सेंटिमीटर, दुसऱ्याच्या उजवीकडं.

तिथं आता कापूर असतो.
शालिनी विचारत नाही.
पहिल्या पानापासून पुन्हा लागलो आहे,
गुरुवारी, तीन ते पाच,
आठ बोटं आणि दोन अर्धी,
धुऊन.