दहा गुणांचा प्रश्न

भोरे मॅडमनी फळ्यावर एक बाई काढली होती,
हातात दिवा.
दिव्याखाली लिहिलं : हवा, उजेड, स्वच्छता, शांतता.
आम्ही निमूट वहीत उतरवलं.
मिरजेच्या त्या वर्गात पंखा बंद होता
आणि खिडकी गंजून चौकटीत बसलेली.

मग आणखी बायका आल्या, एकेका तासाला एकेक.
एकीनं माणसाच्या गरजा मोजल्या, चौदा भरल्या.
एक म्हणाली, माणूस सारखा जुळवून घेत असतो,
तुम्ही फक्त मधला अडथळा व्हायचं नाही.
एक म्हणाली, दोन अनोळखी माणसं भेटतात,
तिथूनच नर्सिंग सुरू होतं, सुईपासून नव्हे.
एक लांबच्या डोंगरात राहून आली होती, तिचं म्हणणं,
विचारल्याशिवाय कुणाची काळजी घेता येत नाही.
आणि एक जरा कडक :
जे त्याला जमत नाही तेवढंच करा.
जमतं ते करू नका.

नावं सगळी परदेशी, जिभेवर ठरायची नाहीत.
होस्टेलच्या जिन्यात मी पाठ करायची,
पायरीला एक नाव.
परीक्षेत आलंच : तुलना करा, गुण दहा.
मला साडेसहा.

आता सांगली सिव्हिल, पुरुष वॉर्ड, रात्रपाळी.
चाळीस खाटा, बेचाळीस माणसं,
मी, आणि शिकाऊ पोर पंचशीला.
याबद्दल त्यांच्यातली एकही काही बोलली नव्हती,
किंवा मॅडमनी तो तास घेतला नसेल.

खाट अकरा. सिदराम ऐवळे, तालुका जत,
मार्केट यार्डात हमाल. उजवी बाजू गेलेली, वाचाही.
नव्या डॉक्टरनं केसपेपरवर लिहून ठेवलेलं,
कावीळ, पुढे प्रश्नचिन्ह.
तळवे खरंच पिवळेधमक,
नखांच्या कडा, मानेमागची घडी,
जिथं पोतं टेकतं तिथं सगळ्यात गडद.
मी टॉर्च मारला. डोळे कापसासारखे पांढरे.
विचारलं, काय उचलता तुम्ही?
शब्द शोधत राहिला बिचारा, घशात कुठंतरी.
मग डाव्या हाताची बोटं नाकाशी नेली,
हुंगली,
आणि हसला, तोंडाच्या एकाच बाजूनं.

हळद.
सव्वीस वर्षांची, बायको सकाळी म्हणाली,
लग्नात लावलेली धरून.
डॉक्टरनं प्रश्नचिन्ह खोडलं, आणि कावीळही.

तिसऱ्या रात्री, तीनच्या सुमाराला,
त्यानं स्वतःच स्टुलावरच्या पेल्याकडे हात टाकला.
डावा हात, नवशिका, भलतीकडेच जाणारा.
पेला कलंडायला आला.
माझा हात निघाला होता. निम्म्यात थांबवला.
हा थांबवलेला हात कुठल्या पुस्तकात काढून दाखवतात
मला माहीत नाही. खांद्यापासून दुखला.
पंचशीला धावली, मॅडम, मी पाजते की!
म्हटलं, थांब.
तिला मी दुष्ट वाटले असणार. मलाही वाटले.

चौदा नंबरची सलाईन संपत आलेली,
तिकडं कुणीतरी सिस्टर सिस्टर करत होतं,
आणि आम्ही दोघी एका पेल्याकडे बघत उभ्या.
पेला ओठाला लागला.
निम्मं पाणी तोंडात, निम्मं छातीवर.
ठसका नाही.
मग त्या बंद घशातून एक शब्द आला, कानडी,
आईच्या घरातला :
नीरु.

चादर बदलताना पंचशीलानं हळूच विचारलं,
गुरुवारी तिचा पेपर आहे,
मॅडम, हे कुणाचं होतं? दिवेवालीचं?
मी म्हटलं, नाही, त्या दुसरीचं. कडक होती ती.
नाव?
पायरी आठवली, सातवी, कोपरा फुटलेली.
नाव नाही आठवलं.
तू पुस्तकात बघ, म्हटलं, आणि आधी चौदा नंबरला जा.

ओल्या चादरीला हळदीचा वास येत होता.
पहाटे रिपोर्टबुक उघडलं.
खाट ११. पेशंटनं स्वतः पाणी घेतलं,
अंदाजे साठ मिली.
सांडलेलं धरलं नाही.