चाळीस मिनिटं

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या
माडीवर आमची खोली. सहा पडदे, एक कुलर,
भिंतीवर जुन्या मालकाचं कॅलेंडर.
समुद्र इथून एका रात्रीच्या एसटीवर.
मी तो दोनदा पाहिलाय,
दोन्ही वेळा काठावरून, चपला हातात धरून.

दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत
त्याच्यावरच्या आभाळाची नोकरी माझी.
उद्याचं मला विचारू नका,
उद्याचं सांगणारी मोठी माणसं वेगळी आहेत.
माझ्याकडे पुढचे तीन तास,
त्यातलेही खरे म्हणाल तर
चाळीस मिनिटं.

वडील चोवीस मागांमध्ये जॉबर होते.
ते म्हणायचे, तुटण्याआधी धागा कण्हतो.
एवढ्या खडखडाटात?
हो, एवढ्या खडखडाटातच.
आता त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही
आणि मी दिवसभर बघत बसते
ज्याला आवाजच नाही असं काहीतरी.

ऑक्टोबर. चार वाजून दहा.
उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका,
शेंगदाण्याएवढा.
रडारवर काहीच नाही.
पुढच्या चित्रात त्याचा माथा
सात अंशांनी गार.

बार्जवर पुंडलिक तांडेल.
अकरा माणसं जाळीच्या टोपलीतून
फलाटावर चढवायची,
एका खेपेला चार,
खाली पाणी, वर क्रेनची लांब लोखंडी मान.
मी म्हटलं, थांबवा.
तो म्हणाला, "बाय, आभाल साफ हाय.
मागच्या मंगलवारी पन तू थांबवलंस."

मागच्या मंगळवारी मी थांबवलं होतं.
काही आलं नाही.
तासाभराच्या भाड्याचा हिशेब
कंपनीने पत्रात घालून पाठवला,
मी तो घडी करून डब्याखाली ठेवलाय,
कडक भाकरीचा चुरा सांडतो त्यावर.

किती टक्के, त्याने विचारलं.
पडदा साठ म्हणत होता.
साठ म्हणजे काय,
टोपलीत लोंबणाऱ्या चौघांपैकी
कितीजण?
मी टक्के सांगितलेच नाहीत.
म्हटलं, तांडेल, माणसं खाली घ्या.

लाइनवर नुसता वारा.
मग त्याच्या शिट्टीचा आवाज, लांब,
आणि साखळी उतरल्याचा.

चार एकावन्नला वीज पडली.
बार्जच्या दक्षिणेला, नऊ किलोमीटरवर.
बार्जवर वारा तेवढा फिरला,
एक ताडपत्री उडाली.
बस.

फॉर्मवर दोनच रकाने: बरोबर, चूक.
पेन हातात घेऊन मी बसून राहिले.
नऊ किलोमीटर म्हणजे
आमच्या घरापासून कुठपर्यंत, हेच मोजत.
तेवढ्यात तांडेलचा निरोप आला:
"मानसं चाय पितान."
मी रकाने कोरे ठेवले
आणि शेऱ्यात तेच लिहिलं.

दहाला जिना उतरले तर रस्ता ओला.
डबक्यात सोडियमचा पिवळा दिवा.
कधी पडला? मला पत्ताच नाही.

घरी आई सूप तिरपं करून बसलेली.
गच्चीवर वाळत घातलेल्या हजार विड्या
फुगून मऊ.
"उद्या सगळ्या छाटात जातील," ती म्हणाली.
"सहा वाजता वरून काळं येलालंय,
अन् तू तिथं बसून काय करायलीस बे?
एक फोन तरी करायचास."

वडिलांनी माझ्या तोंडाकडे बघितलं,
मग दोन बोटांत अदृश्य धागा ओढून
भुवई उंचावली.
मी मान हलवली.
हो का नाही, ते त्यांनी
त्यांचं त्यांनी ठरवलं.