रांजण

तिबिलिसी, नोव्हेंबर. तिसऱ्या मजल्यावर
नोदारला रोज चारच्या सुमारास हुडहुडी भरते.
सलाइन जोडलं की पंधरा मिनिटांत
खाट वाजायला लागते.
एलिसो म्हणते, घड्याळ लावून घ्यावं असा ताप.

आतड्याच्या ऑपरेशनला वीस दिवस झाले.
गळ्याखालच्या शिरेत एक नळी,
तिच्यातूनच जेवण, तिच्यातूनच औषध.
आणि तिच्यातच, कुणी न बोलावता,
एक गोल पेशी येऊन टेकली.

टेकली. एवढंच.
वाहत्या रक्तात थारा नव्हता, प्लास्टिक मिळालं.
तासाभरात चिकटली, दुपारपर्यंत कोंब,
रात्री कोंबांचे धागे, धाग्यांत धागे,
आणि वरून स्वतःच्याच अंगातून पाझरलेला
साखरेचा चिकट गिलावा.
दोन दिवसांत बिऱ्हाडाचं गाव झालं.
गावातून रोज थोडे बाहेर पडतात
रक्ताबरोबर, नव्या जागेच्या शोधात.
चारचा ताप त्यांचा.

पहिलं औषध आठवडाभर दिलं.
भटके मेले, गाव तसंच.
गिलाव्यात औषध रुतून बसतं,
आणि तळाशी काही पेशी नुसत्या झोपून असतात.
झोपलेल्याला विष कोण पाजणार?

खातुना डॉक्टरनं नोदारला हे हातवारे करून सांगितलं.
काखेतीतला म्हातारा, चाळीस वर्षं वाइन केलेली.
हसला.
"पोरी, जमिनीत पुरलेला रांजण
वरून पाणी ओतून निघतो का?
चेरीच्या सालीची कुंची घेऊन आत उतरावं लागतं.
आणि रांजणच नासला असेल
तर मातीची माया धरू नये."

नळी काढली. दंडात साधी सुई.
दुसरं औषध, बुरशीच्या भिंतीचं बांधकामच रोखणारं,
दिवसातून एकदा, तासभर, थेंब थेंब.
डोळ्यांच्या डॉक्टरनं बाहुल्यांतून आत डोकावून पाहिलं.
तिथे अजून कुणी पोचलं नव्हतं.

नळीचं टोक माझ्याकडे आलं.
बोटाच्या पेराएवढा तुकडा मी बशीत लाटला.
दुसऱ्या सकाळी पांढरे, दाट, दह्याच्या शिंतोड्यांसारखे ठिपके.
हुंगू नये असा नियम आहे.
हुंगलं.
आंबलेल्या पिठाचा वास.
नोदारला सांगितलं तर म्हणाला,
"म्हणजे माझ्या ऑक्टोबरचा."
मग बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.

चौदा दिवस मोजायचे असतात
रक्त स्वच्छ निघालं तिथून;
ताप उतरला तिथून मोजणारे फसतात.
आज तिसरा.
चार वाजून गेलेत.
एलिसो उगाचच खाटेपाशी उभी आहे,
घोंगडी हातात धरून.