पाच शून्यं, मग एक

आमच्या पृथ्वीला समुद्र नाही.
ढग नाहीत, ध्रुव नाहीत, शिलेझिया तर नाहीच.
फळ्यावर एक ठिपका आहे.
येणारं ऊन, जाणारी ऊब,
मध्ये बरोबरचं चिन्ह.
"एवढीशीच?" लुत्सिना विचारते.
हो, आधी एवढीशी जमू दे.

हवा काढून घेतली की उणे अठरा येतं.
मुलांना हे आवडतं. उणे अठरा म्हणजे
आजोबांच्या तोंडचा जानेवारी,
दाराशी दुधाच्या बाटल्या तडकायच्या तो.
मग हवा परत घालतो आम्ही,
सूपमध्ये मीठ घालावं तशी, चाखत चाखत,
आणि ठिपका राहण्याजोगा होतो.
"म्हणजे हा वायू चांगला?"
चांगलाच की. चिमूटभर.

नंतर टब. वर तोटी, खाली भोक.
भोक मुद्दाम लहान पाडलेलं, सुईनं.
तिमॉननं तोटी घट्ट पिळून बंद केली
आणि आम्ही सगळे पातळीकडे बघत बसलो.
पातळी होती तिथंच, जवळजवळ.
"बंद केली ना मी?"
केलीस.
"मग?"
मग वाट बघायची.

एर्विन कधी काही विचारत नाही.
आज विचारलं.
"बाबा बावीस वर्षं खाली होते.
शुक्रवारी शेवटची पाळी झाली.
त्यांचे यात किती?"

वर्ग गप्प. या गावात खाली म्हणजे कुठे
हे तान्ह्या पोरालाही सांगावं लागत नाही.

मी म्हटलं, त्यांनी नुसता काढला रे,
जाळला आपण सगळ्यांनी.
हा रेडिएटर बघ, तू पाठ टेकून बसलायस तो.
"ते ठीक आहे, बाई. पण किती?"

मांडलं मग. वर्षाचे टन, गुणिले बावीस.
निम्मं वजा केलं, समुद्रानं आणि झाडांनी प्यायलेलं,
म्हणजे आमच्या ठिपक्याला नसलेल्या समुद्रानं.
भागिले अख्खं आकाश.
पडद्यावर आलं शून्य.
पासंगालाही न पुरणारं.
त्याचा चेहरा पडला की सैल झाला
मला कळलं नाही.

रकाना अरुंद आहे, मी म्हटलं,
आणि माउसनं ओढत रुंद करत गेले.
शून्य. शून्य.
शून्य.
कोणीतरी बोटांवर मोजत होतं.
शून्य, शून्य.
मग एक.

"आहे," एर्विन म्हणाला.
नुसतं तेवढंच. दोष म्हणून की हजेरी म्हणून,
मी विचारलं नाही.
जरा थांबून म्हणाला, "भोक लहान आहे, नाही का?
म्हणजे मी म्हातारा होईन तोवर असेल हे."
असेल, मी म्हटलं. थोडं कमी. पण असेल.

त्यानं पान छापून मागितलं.
छपाईयंत्रात शाई संपत आलेली,
शून्यं फिकट उमटली,
एक काठावर, कसाबसा.
घंटा झाली तरी तो उभाच,
कागद उलटसुलट करत.
घडी त्या एकावर पडू नये म्हणून
त्यानं तो आडवा दुमडला.

गृहपाठ द्यायचा राहिला माझा.