रविवारी मोंढा बंद असतो

कुलसूम, रविवारी मोंढा बंद असतो.
काट्यावर पोती नसतात, हमाल नसतात,
शेडच्या कडेला सांडलेलं सोयाबीन
आणि कबुतरं, तेवढीच.
सहाला ये.
गुडघ्याचं कारण मला सांगू नकोस,
बारा वर्षं मलम मीच देतेय,
त्याची सगळी नाटकं मला माहिती आहेत.

एकतीस वर्षं सेलूच्या आसपासची गावं मी पायी केली,
लसीचा डबा खांद्याला,
काळ्या मातीत चपला रुतवत.
नव्वद साली सरकारी सायकल आली होती,
निळी, पुढं टोपली.
सही माझी. चालवली दिरानं,
मोडली जावेच्या पोरानं,
आणि दर मार्चला मी रजिस्टरात लिहिलं :
सायकल एक, सुस्थितीत.

आता पंक्चरवाल्या नागोरावची प्रतीक्षा शिकवते मला.
अकरा वर्षांची आहे. दरडावते.
"आजी, खाली कामून बघायलाव?
चाकाकडं बघितलं की चाक वळतंय!"

पहिल्या रविवारी पडले.
दुसऱ्या रविवारी बारदानावर पडले, ते बरं होतं.
काठ चेनीत गेला, काळा डाग पडला,
सून विचारते, मी सांगत नाही.
(तू सलवार घालतेस,
तुझं अर्धं काम झालेलंच आहे.)
चौथ्या रविवारी पोरीनं मागचा हात कधी सोडला
कळलंच नाही.
सात नंबरची शेड आली, गेली.
वारा कुठंच नव्हता गं,
मीच तो करत होते.

तू म्हणशील, अडुसष्टाव्या वर्षी जायचंय कुठं?
फाटकापलीकडं तुझी बहीण राहते.
रिक्षा वीस रुपये मागते
म्हणून महिना महिना जात नाहीस.
मोजलंय मी.
तीनशे सत्तर पायडल, मध्ये एक गतिरोधक.

आणि एक राहिलंच. हसू नकोस.
ओट्यावर पाय टेकवून चढता येतं मला,
उतरता येत नाही.
प्रतीक्षा मामाकडं जिंतूरला गेलीय.
म्हणजे या रविवारी मी काट्याभोवती फिरत राहणार
कुणीतरी हँडल धरेपर्यंत.

तू धर.
मग तू बस, मी मागून धरते.
अजिबात सोडणार नाही.
प्रतीक्षाही असंच म्हणाली होती.