डावा घोडा

डॉक्टर पारेखांनी फिल्म उजेडाला लावली
आणि पेनाच्या टोपणानं दाखवलं:
हा उजवा. ठीक आहे.
हा डावा. सुकलाय, आणि बघा, पांढरा पडलाय.
नाव हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा.
"आमच्याकडे घोडा काळा असतो," मी म्हटलं,
"पुलाच्या तोंडाशी, चौकात, वर महाराज बसलेले."
डॉक्टर हसले. श्रीरंग हसला नाही.
त्याच्या वहीत माझे एकशे सदतीस झटके आहेत,
तारीख, वेळ, किती सेकंद,
ओठ चावले का, ओढणी चुरगाळली का,
नंतर आधी कुणाला ओळखलं.

झटका हा शब्द त्याचा.
माझ्या बाजूनं काही झटकलं जात नाही.
पोटातून काहीतरी वर चढतं,
विझवलेल्या स्टोव्हचा वास येतो,
आणि दांडिया बाजारातला तो चहावाला, त्याचं ते वाक्य,
सुट्ट्या पैशांसाठी पुढे केलेला हात,
सगळं आधी झालेलं असतं.
पुढचं मला माहीत असतं.
पुढचं येतं तेव्हा मी नसते.

यंत्रात घालताना म्हणाले, हलू नका,
मनातल्या मनात शब्द म्हणा, क पासून.
कात्री, कढई, कुलूप, काकडी,
मग ते, नारळाचं, बोटांना लागतं ते.
दिसत होतं, आईच्या ओट्यावर, दात गंजलेलं,
आणि येत होतं नुसतं खमणी.
खमणी, जी क नव्हेच, ख आहे.
खमणी, खमणी, यंत्र ठोकत राहिलं.

रिपोर्टात लिहिलंय: भाषा डावीकडे, थोडी उजवीकडेही.
उजवीकडे कोण राहायला गेलं,
शेजारची की घरची,
ते त्या लाल ठिपक्यांत लिहीत नाहीत.
"एवढा भाग काढता येईल. झटके बहुतेक जातील.
शब्द मात्र थोडे..."
आणि त्यांनी टोपण पेनाला लावलं.

परतताना काळ्या घोड्यापाशी रस्ता तुंबलेला.
कठड्यावर माणसं ओणवी,
खाली विश्वामित्रीच्या चिखलात मगर.
म्हणजे सगळे म्हणत होते मगर.
मला ओंडका दिसत होता, बराच वेळ.
मग ओंडक्यानं तोंड उघडलं.
श्रीरंगनं सवयीनं घड्याळ बघितलं,
मग मान वळवून मला.
"आहे मी," म्हटलं, "इथंच आहे.
तो खोबऱ्याचा शब्द सांग."
त्यानं सांगितला.
मी स्कूटरवर मागे बसून म्हटला,
हॉर्नच्या गोंगाटात, दोनदा.