मोरचुदाचं पाणी

तंबाखूच्या वखारीत शिबिर होतं.
पोती भिंतीला सरकवून सहा खाटा मांडलेल्या,
पण वास कुठं सरकवणार?
डॉक्टरच शिंकत होते एकसारखे
आणि आम्हा बायकांना हसू आवरत नव्हतं.

निपाणीत नवं काही आलं की आधी लांबून बघतात.
रायगोंडा म्हणाला, फुकट घेतात आणि बेळगावात नेऊन विकतात,
त्याच्या साडूनं बघितलंय.
साडूनं नेमकं काय बघितलं, कुणी विचारलं नाही.
तालमीतला भरमा, शड्डू ठोकला तर पत्रे वाजतात,
तो उंबऱ्यावरूनच परत:
वस्ताद नको म्हणालेत, रग उतरते.
सासूबाईंचा हिशेब जुना.
शंभर घास पोटात जावेत तेव्हा एक थेंब होतो.
पिशवीभर म्हणजे किती वर्षांचं जेवण, तूच मोज,
तुला मोजायची सवय आहे.

ती आहे.
हजार विड्या, पंचवीसचे चाळीस कट्टे,
छाटात गेलेल्या वेगळ्या.

मी डब्यासाठी आले, असं सगळ्यांना सांगितलं.
रक्त देईल त्याला तीन पुडांचा स्टीलचा डबा होता.
डब्यासाठी दिलं की लोकांना कळतं.
उगीच दिलं म्हटलं
की तोंडाकडं बघतात,
घरात काही झालंय का विचारतात.

झालं होतं, अकरा वर्षांपूर्वी.
चिक्कोडीच्या सरकारी दवाखान्यात पोरगी झाली
आणि माझं अंगावरचं थांबेना.
बाहेर तीन दीर.
एकाचा सोमवार,
एकाला लहानपणी कावीळ झालेली,
तिसरा गाडी लावायला गेला तो अजून लावतोय.
पहाटे कुठूनशी पिशवी आली.
सासूबाईंनी विचारलं, कुणाचं हे? कुठल्या लोकांचं?
सिस्टर म्हणाली, बी पॉझिटिव्ह लोकांचं.
वर कानडी शिक्का, खाली नुसता नंबर.
नंबर लक्षात ठेवायला हवा होता.
हाताला गार लागलं, एवढंच आठवतं.

शिबिरातली सिस्टर हारूगेरीची.
ऊट आतेन्री? तिनं विचारलं.
आत्री, मी म्हटलं.
काय जेवले ते सांगितलं नाही.
तिनं बोट टोचलं.
समोर काचेत निळं पाणी,
बघताक्षणी ओळखलं, मोरचूद!
माहेरी, अथणीकडं, चुन्यात कालवून द्राक्षांवर मारायचे.
पंप पाठीला बांधून बापाची पाठ निळी,
आई घासायची तरी निळीच.
त्या पाण्यात माझा थेंब.

बुडला तर पास, तरंगला तर नापास.
आम्हाला विहिरीवर उलटं शिकवलेलं.

थोडा आत गेला.
मला वाटलं, गेला.
मग सावकाश वर आला
आणि काचेच्या कडेला जाऊन थांबला,
पाहुण्याच्या घरात उभं राहावं तसा.

माझ्यामागं शेवंता, मग हुसेनबी, मग पारव्वा.
सगळ्यांचे वर.
रोज ओटीत सूप घेऊन बसणाऱ्या आम्ही चौघी
निळ्या पाण्यावर तरंगत होतो.
दारातल्या गड्यांचे थेंब
कुणी बघितलेच नाहीत.

लाल गोळ्यांची दोन पाकिटं मिळाली, बिस्किटं मिळाली.
डबा नाही.
घरी पोरीनं विचारलं, दिलंस?
म्हटलं, छाटात गेले.
सासूबाई म्हणाल्या, वाचलं बाई,
आणि देवापुढं दिवा लावला.

आता रात्री गोळी घेते, तोंडाला खिळ्याची चव येते.
जेवताना घास मोजते.
कुणाला कळू देत नाही,
ओठ हलले तर नाव घेतेय असं वाटतं त्यांना.
शंभरला थांबायचं नाही, एवढं ठरवलंय.

संक्रांतीनंतर परत शिबिर आहे म्हणे.
या खेपेला डबा नाही, चटई देणार आहेत.
गल्लीत सांगून ठेवलंय,
मी चटईसाठी जाणार.